दिवसभरात थोडा थोडा व्यायाम की एकदाच सलग?

मोकळीवाट

मंडळी, व्यायामाला वेळ मिळत नाही ही तक्रार जुनीच आहे, पण मला जरा नेमकं विचारायचंय.

काम बैठं आहे, आठ-नऊ तास खुर्चीत जातात. घरी पाच वर्षांची मुलगी. सकाळचा पाऊण तास पूर्वी हक्काचा होता, तो आता राहिला नाही, आणि रात्री अंगात त्राण नसतं. म्हणून गेल्या काही महिन्यांपासून व्यायामाचे तुकडे केलेत. उठल्यावर दहा मिनिटं, दुपारी जिना, कामाच्या मध्येच एखादा बैठकांचा फेरा, रात्री जेवण झालं की थोडं चालणं. सगळं मिळून पाऊण तास सहज भरतो.

मैत्रीण म्हणते, हे फक्त मनाचं समाधान. ठोके वाढून वीस-पंचवीस मिनिटं तसेच राहिले नाहीत तर शरीर त्याची दखलच घेत नाही, असं तिचं ठाम मत. मला ते पटत नाही. जिना चढल्यावर लागते ती धाप खरी असते, आणि सुरुवातीला ज्या मजल्यावर थांबावं लागायचं तिथे आता थांबावं लागत नाही, हेही खरं आहे.

माझं मत तुकड्यांकडे झुकलेलं आहे हे आधीच सांगते. पण ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. तुकडे धरले जातात का? किती लहान तुकडा चालतो? आणि ताकदीच्या व्यायामाचं काय?

डोंगरवेडा

मैत्रिणीचं सगळं नाही तरी बरंचसं बरोबर आहे.

मी लांब पल्ल्याचं धावतो आणि डोंगर चढतो. दोन तास सलग चालल्यावर शरीरात जे होतं ते दहा मिनिटांच्या बारा तुकड्यांत होत नाही. स्नायूंतला साखरेचा साठा उतरायला लागतो, शरीर चरबीवर जास्त भिस्त ठेवायला शिकतं, पाय जड झाल्यावरही पाऊल नीट टाकायची सवय लागते. हे सगळं दुसऱ्या तासात घडतं. पहिल्या दहा मिनिटांत तर सांधे नुसते मोकळे होत असतात.

तुकडे काहीच न करण्यापेक्षा बरे, यावर वाद नाही. पण त्याला पर्याय म्हणू नका.

उगवती

+१ तुकड्यांना. दोन मुलं वाढवली, तुकडे नसते तर व्यायाम शून्य झाला असता.

कुतूहल

मोकळीवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत चक्क बदललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या शिफारशींत अट होती की व्यायामाचा तुकडा किमान १० मिनिटांचा हवा, तरच तो आठवड्याच्या हिशेबात धरायचा. २०२०च्या नव्या शिफारशींत ती अट काढून टाकली. अमेरिकेनेही २०१८ साली तेच केलं. आता प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम एवढंच सांगितलंय, शिवाय दोन किंवा जास्त दिवस स्नायूंची ताकद वाढवणारं काहीतरी. ती मिनिटं कशी जमवायची हे तुमच्यावर. तेव्हा तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं जुन्या नियमाला धरून आहे, आणि एकेकाळी तज्ज्ञही साधारण तसंच सांगत होते.

किती लहान तुकडा चालतो? २०२२ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या २५,२४१ लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं. हे सगळे 'आम्ही व्यायाम करत नाही' असं सांगणारे, सरासरी वय ६०च्या पुढे. त्यांतले काही जण रोजच्या धबडग्यात मिनिट-दोन मिनिटं दम लागेल इतक्या जोरात काहीतरी करत होते. घाईघाईने जिना चढणं, ओझं घेऊन भरभर चालणं, असं. दिवसातून साधारण तीनदा एवढं करणाऱ्यांमध्ये पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसलं, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं तर ४८-४९ टक्क्यांनी.

डोंगरवेडा

कुतूहल, हे निरीक्षण झालं, प्रयोग नव्हे. जो मुळात धडधाकट आहे तोच जिना घाईने चढतो. आजारी माणूस लिफ्टने जातो आणि लवकर जातो, यात जिन्याचं कौतुक किती करायचं?

कुतूहल

आक्षेप रास्त आहे. संशोधकांनी वय, वजन, धूम्रपान, आधीचे आजार वगैरे हिशेबात धरले होते, तरी अशा अभ्यासात ही शंका पूर्ण जात नाही.

या शंकेचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिन्यावर वर-खाली. हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा हा पायाचा अभ्यास. आणि बघा, वाहकाचा व्यायाम म्हणजे नुसते तुकडेच! दर थांब्याला काही पायऱ्या. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की चालकांच्या विजारींचा कंबरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा होता, तोही नोकरीच्या सुरुवातीपासून. म्हणजे तुमचा आक्षेप त्यांनी स्वतःच स्वतःच्या कामावर घेतला आणि तो छापलाही. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

म्हणून प्रयोगांकडे वळू. २०१९मध्ये कॅनडात बैठ्या सवयीच्या तरुणांना तीन मजल्यांचा, ६० पायऱ्यांचा जिना शक्य तितक्या जोरात चढायला लावला. दिवसातून तीनदा, मध्ये एक ते चार तासांचं अंतर, आठवड्यातून तीन दिवस. सहा आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. काहीच न केलेल्यांची वाढली नाही. सुधारणा लहान आहे, पण एका वेळचा खर्च अर्ध्या मिनिटाचा आहे हे धरा.

तिरकीरेघ

बसवाहकांच्या विजारी मोजण्याची कल्पना भन्नाट आहे. वाचनखूण साठवली.

जोरबैठक

ताकदीबद्दल मी लिहितो, तो माझा प्रांत.

ताकदीचे व्यायाम तुकड्यांत होतात, काही बाबतीत तर तुकड्यांतच चांगले होतात. दारात लटकण्यासाठी दांडी लावली आहे. त्या दारातून जाताना दर वेळी काही पुल-अप मारायचे, पण कधीही दमेपर्यंत नाही. जास्तीत जास्त दहा निघत असतील तर चार-पाचवर थांबायचं. दिवसाअखेर एका बैठकीत निघाले असते त्यापेक्षा कितीतरी जास्त निघतात, आणि प्रत्येक पुल-अप ताज्या अंगाने, नीट मारलेला असतो. हनुवटी दांडीच्या वर, खाली येताना घाई नाही, पाय झटकणं नाही. शेवटचे तीन जे ओढूनताणून काढले जातात, खांदे त्यातच दुखावतात.

जोर, बैठका, दोरीच्या उड्या, भिंतीला पाठ लावून बसणं, सगळं असं होतं. मेंदू आणि स्नायू यांच्यातला संवाद सरावाने सुधारतो, आणि सराव विखुरलेला असला तर उलट जास्त चांगला बसतो.

पण वजनं उचलायची असतील तर हे विसरा. जड वजनाआधी अंग तापवायला पंधरा मिनिटं लागतातच. रिकाम्या दांडीने सुरुवात, मग थोडं वजन, मग आणखी थोडं. दर तुकड्याला हे कोण करणार? आणि थंड अंगाने जड वजन उचलणं म्हणजे कंबरेशी वैर. तेव्हा अंगाच्या वजनाचे व्यायाम तुकड्यांत, लोखंडाचे सलग. माझ्यापुरता हा वाद केव्हाच मिटलाय.

मोकळीवाट

जोरबैठक, फार उपयोगी. माझे जोर अजून गुडघे टेकवूनच आहेत, पण मुलगी पाठीवर बसून मोजते. सहा झाले की पुन्हा चारवर येते, त्यामुळे ठरल्यापेक्षा नेहमीच जास्त होतात!

उगवती

असा प्रशिक्षक पैसे देऊनही मिळणार नाही :)

सांधेसुधारक

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरची चर्चा वाचली, छान चालली आहे. दोन गोष्टी राहिल्यात असं वाटतं.

पहिली म्हणजे रक्तातली साखर. तुकड्यांचं पारडं सगळ्यात जड कुठे असेल तर इथे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा पेशीतले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढून घेतात. यासाठी इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम मंदावलाय त्यांनाही ही वाट खुली असते. आता जेवणानंतर साखर चढते ती तास-दीड तासात. त्या वेळात पाय चालते असतील तर चढ कमी होतो. सकाळी सहाला केलेल्या व्यायामाचा चांगला परिणाम दिवसभर थोडाफार राहतो, पण रात्री नऊच्या जेवणानंतरचा चढ थोपवायला तो पुरा पडत नाही.

२०१३ साली साठीपुढच्या दहा जणांवर केलेला एक नेटका प्रयोग आहे. एकदा त्यांना सकाळी सलग ४५ मिनिटं चालवलं, एकदा दुपारी ४५ मिनिटं, आणि एकदा तीनही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं. चोवीस तासांची पातळी सकाळच्या सलग चालण्यानेही सुधारली आणि जेवणानंतरच्या तुकड्यांनीही. मात्र रात्रीच्या जेवणानंतरचे तीन तास फक्त तुकड्यांनीच नीट सांभाळले. दहाच माणसं होती, पण माझ्याकडे येणाऱ्यांत जे घरी ग्लुकोमीटर वापरतात त्यांच्या वह्यांत मला हेच दिसत राहतं.

दुसरी गोष्ट बसण्याची. मोकळीवाट, तुमचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात हे वाक्य मी सर्वांत आधी अधोरेखित केलं. २०१२च्या एका प्रयोगात जाड शरीराच्या १९ जणांना पाच तास बसवून ठेवलं आणि दर २० मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालवलं. नुसतं बसण्याच्या तुलनेत, चाचणीसाठी दिलेलं गोड पेय घेतल्यानंतरची रक्तातली साखर हळू चालण्यानेही सुमारे २४ टक्क्यांनी कमी चढली. हळू चालण्याने! घाम नाही, धाप नाही. सकाळी तासभर धावून मग दिवसभर खुर्चीला खिळून राहणाऱ्या माणसाला हा फायदा मिळत नाही.

डोंगरवेडा

सांधेसुधारक, बसण्याबद्दल मान्य. पण २०१६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचा आढावा आला होता, त्यात रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये आठ तास बसण्याचा वाढीव धोका जवळजवळ पुसला गेलेला दिसला. म्हणजे सलग व्यायाम करणारा अगदीच उघडा पडत नाही.

सांधेसुधारक

बरोबर. पण ती ६० ते ७५ मिनिटं सलगच हवीत असं त्यात कुठे म्हटलंय? एकूण मिनिटं मोजली आहेत. आणि रोज सव्वा तास काढू शकणारी माणसं माझ्याकडे फार थोडी येतात.

रातपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे, पाळ्या फिरत्या. "दिवसभर चालतेसच की, तुला वेगळा व्यायाम कशाला" हे ऐकून कान किटलेत. खाटांमधून चालणं म्हणजे चार पावलं आणि थांबा, चार पावलं आणि थांबा. त्यात दम लागत नाही, पाय मात्र सुजतात. मला सलग चालणंच हवं असतं, पाळी संपल्यावर, कोणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी. ते शरीरासाठी किती आणि डोक्यासाठी किती, माहीत नाही. पण त्या अर्ध्या तासाचे तीन तुकडे केले तर मला त्यातलं काहीच मिळणार नाही.

हा मुद्दा धाग्यात कोणी मांडला नव्हता म्हणून लिहिलं.

काठावरची

रातपाळी, अगदी मनातलं. पहिली दहा मिनिटं डोक्यात कामांची यादीच चालू असते. ती थांबायला वेळ लागतो, आणि ती थांबल्यावरचं चालणं वेगळंच.

निवांतपणे

मला उलटा अनुभव. सलग व्यायामाचा विचार आला की सकाळीच दडपण येतं. कपडे बदला, बूट घाला, परत या, अंघोळ करा. पाऊण तासाच्या व्यायामाला दीड तास जातो. तुकड्याला यातलं काही लागत नाही. गॅसवर भांडं ठेवलं की ओट्याला हात टेकवून टाचा उचलायच्या, एक पाय मग दुसरा. फोन आला की उठून चालायचं. आता फोन वाजला की बसवतच नाही.

तिरकीरेघ

निवांतपणे, मला फोन लागत नाही तेव्हा तुम्ही जिन्यावर असता तर!

पितळीघंटा

अवांतर: मनगटावरची घड्याळं हे तुकडे पकडतात का? माझं घड्याळ मिनिटभराचा जिना व्यायाम म्हणून धरतच नाही. १०,००० पावलं झाली नाहीत की मात्र रात्री कुरकुर करतं.

कुतूहल

पितळीघंटा, तो १०,०००चा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो आकडा होता. २०१९मध्ये १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास झाला, सरासरी वय ७२. त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही २,७०० चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण ७,५००च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तेव्हा घड्याळाच्या कुरकुरीवर झोप घालवू नका.

घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी सोपी. बोलता येतंय पण गाता येणार नाही, तर मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोरकस.

काठावरची

मला वडिलांबद्दल लिहायचंय, कारण हा धागा तरुणांपुरता राहतोय.

खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर त्यांना खुर्चीतून उठायला दोघांचा हात लागायचा. फिजिओबाईंनी सांगितलेला व्यायाम इतका साधा होता की आम्हाला शंका आली. टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. पुढे सरकून काठावर बसायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, छाती पुढे झुकवायची, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठायचं. उभं राहायचं, आणि बसताना धपकन नाही, सावकाश. चार-पाच वेळा, बस्स. पण दिवसातून अनेकदा, प्रत्येक जेवणाआधी आणि दर वेळी उठताना.

सुरुवातीला दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. मग एक हात. मग बोटांची टोकं नुसती टेकवलेली. मी ती बोटंच बघत असे, कारण त्यांवर किती भार येतोय ते नखांच्या रंगावरून कळायचं. दाबली गेली की नखं पांढरी पडायची. एका दुपारी नखं गुलाबीच राहिली आणि ते उभे होते.

त्यांना सलग अर्धा तास व्यायाम सांगितला असता तर पहिल्याच दिवशी थकून आडवे झाले असते, आणि दुसऱ्या दिवशी केलाच नसता. वयस्क माणसांसाठी तुकडे हाच व्यायाम आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

सांधेसुधारक

काठावरची, नाक बोटांच्या वर आणण्याची खूण तुम्ही लक्षात ठेवलीत, वाचून फार बरं वाटलं. बहुतेक जण छाती ताठ ठेवून उठायला बघतात आणि मागे पडतात. "सावकाश बसा" हेही तितकंच मोलाचं. खाली जाताना मांडीचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात, जिना उतरताना तीच ताकद कामी येते.

डोंगरवेडा

काठावरचींचा प्रतिसाद दोनदा वाचला. इथे माझा काही आक्षेप नाही. वडिलांना नमस्कार सांगा.

माझा मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. क्षमता जास्तीत जास्त वाढवायची असेल तर सलगला तोड नाही. १९९०चा एक प्रयोग आहे, ३६ मध्यमवयीन पुरुष, आठ आठवडे. अर्ध्यांनी रोज सलग ३० मिनिटं जॉगिंग केलं, अर्ध्यांनी १०-१० मिनिटांचे तीन तुकडे. प्राणवायूची कमाल क्षमता सलगवाल्यांची सुमारे १४ टक्के वाढली, तुकडेवाल्यांची ७.६ टक्के. जवळजवळ दुप्पट फरक!

कुतूहल

आकडे बरोबर आहेत. पण तो एक प्रयोग. २०१९मध्ये अशा १९ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात तंदुरुस्ती आणि रक्तदाब यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. वजनाच्या बाबतीत तर तुकडे किंचित पुढे होते. तेव्हा 'दुप्पट' हे सगळीकडे लागू करता येणार नाही.

उगवती

दोघंही एकमेकांवर आकडे फेकताय, पण खरा प्रश्न टिकण्याचा नाही का? कोणता व्यायाम वर्षभर टिकतो?

कुतूहल

उगवती, त्यावरही काम झालंय. १९९९मध्ये १४८ जाड स्त्रियांना १८ महिने पाहिलं. एका गटाला सलग व्यायाम, दुसऱ्याला तुकडे, तिसऱ्याला तुकडे आणि घरात ट्रेडमिल. नुसते तुकडेवाले सलगवाल्यांपेक्षा जास्त टिकले असं झालं नाही. जास्त टिकला तो घरात यंत्र मिळालेला गट.

जोरबैठक

म्हणजे जोरबैठक म्हणतो तेच. दांडी दारात हवी. कपाटात ठेवलेली दोरी कोणी काढत नाही, ती खुंटीवर, येता-जाता डोळ्यांसमोर असली पाहिजे. तुकडे आपोआप होत नाहीत. त्यांना कशाला तरी बांधावं लागतं, दाराला, फोनला, जेवणाला. नुसतं 'दिवसभरात जमेल तेव्हा' म्हटलं की रात्री कळतं, एकदाही जमलं नाही. सलग व्यायामाला निदान ठरलेली वेळ असते.

निवांतपणे

+१. माझे ओट्याला बांधलेले तुकडे टिकले, 'मध्येच कधीतरी' करायचे ते सगळे गळाले.

सांधेसुधारक

एक सावधगिरी, हा धागा वाचून कोणी थेट जिन्याकडे धावायच्या आत. मिनिटभराचा तुकडाही जोरकस असेल तर आधीचे एक-दोन मजले हळू चढा. छातीत दाब, एका हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, यांपैकी काही जाणवलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, 'उद्या बघू' करायचं नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी जोर किंवा भिंतीची बैठक करताना श्वास कोंडू नये, मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप सुटतो. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी व्यायामाची वेळ किंवा जोर बदलताना डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि जेवणानंतर चालायचं ते रमत, धाप लागेल असं त्या वेळी काही नको.

मोकळीवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीला धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं, १९९०च्या प्रयोगामुळे तीच जिंकली. असू दे.

माझ्यापुरतं असं ठरवलंय. जोर खोलीच्या दाराला बांधले, बैठका दुपारच्या फोनला, चालणं रात्रीच्या जेवणाला. घाईने जिना दिवसातून तीनदा, पहिला मजला हळू. दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठणं हे सगळ्यात अवघड जाणार आहे, कारण काम रंगात आलं की भानच राहत नाही, पण तेच सर्वांत गरजेचं आहे हे सांधेसुधारकांमुळे पटलं.

रातपाळी यांचा प्रतिसाद मात्र मनात घर करून राहिलाय. मलाही ते सलग चालणं हवं आहे, हे तो वाचेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. आठवड्यातून एकदा तरी काढता येईल. डोंगरवेडा, बऱ्याच खंडानंतर सलग चालायचं तर सुरुवात कितीने करू? चढ आत्ताच घेऊ की नको? आणि मुलगी बरोबर असणार, हे गृहीत धरा.

डोंगरवेडा

तुमचे जिने चालू आहेत म्हणजे पाय तयार आहेत, पावलं आणि नडग्या मात्र सलग चालण्याला तयार नसतील. चाळीस मिनिटं सपाटीवर, असे तीन आठवडे. नडगी दुसऱ्या दिवशी दुखली नाही तर दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवा. चढ तासावर पोचल्यावर, आणि पहिल्यांदा चढाल तेव्हा उतरताना जास्त जपा, मांड्या धरतात त्या उतारानेच. बूट नवे असतील तर आधी घरात वापरा.

मुलीला सायकल द्या. चालत आली तर दर दोन मिनिटांनी थांबेल आणि तुमचे पुन्हा तुकडे होतील. सायकलवर ती पुढे जाईल आणि तुम्हाला भरभर चालावं लागेल.

मोकळीवाट

सायकल आहे, चाकात हवा भरायची आहे फक्त. रविवारी आम्ही दोघी निघतो.